लाळेतल्या जंतूंमुळे तोंड येतं का? माउथवॉश, उष्टं आणि बी-१२ बद्दल विचारायचं आहे

लोकमान्यनगरची_आई

इंदूर. मुलगी वय १७, शाकाहारी, अंडंही खात नाही. गेले आठ महिने जवळजवळ दर महिन्याला तोंड येतं. ओठाच्या आत नाहीतर जिभेच्या कडेला एका वेळी दोन-तीन छाले, मसुराच्या दाण्याएवढे. आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, दातांना तारा नाहीत.

लाळेतले जंतू वाढले की छाले होतात, असं वाचलं. मग जंतू मारणारा माउथवॉश रोज वापरायचा का? आजींचं म्हणणं, उष्टं खाल्ल्याने एकाचं दुसऱ्याला होतं. रक्ताच्या कोणत्या तपासण्या करायच्या? की सरळ बी-कॉम्प्लेक्स सुरू करू? आणि पोह्यांवरचा जीरावन मसाला बंद करावा लागेल का? जाणकारांनी नीट सांगावं.

---

मुखरोग_ओपीडी

ताई, तुम्ही जागा आणि दिवस दोन्ही लिहिलेत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. हे साधे, परत परत येणारे छाले दिसतात, ज्यांना आम्ही ॲफ्थस अल्सर म्हणतो. ते मऊ, हलणाऱ्या अस्तरावरच येतात: ओठाची आणि गालाची आतली बाजू, जिभेची कड, जिभेखाली, मागचा मऊ टाळू. आकार एक सेंटिमीटरच्या आत, बरे व्हायला सात ते चौदा दिवस, मागे वण राहत नाही. आरशात पाहाल तर मध्ये पिवळट-करडा पापुद्रा आणि भोवती लालभडक कडं, जणू कुंकवाने गोल काढावा तसं. दाताला घट्ट चिकटलेल्या हिरडीवर किंवा पुढच्या कडक टाळूवर बारीक फोडांचा झुबका येऊन फुटत असेल, तर तो हर्पीसचा विषाणू असू शकतो आणि त्याची गोष्ट वेगळी.

आता लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. त्यात ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या एका टक्क्यात लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिनसारखी जंतूंना आवरणारी प्रथिनं, आयजीए हे प्रतिपिंड, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट आणि जखम भरायला मदत करणारं हिस्टॅटिन असतं. शिवाय असतं म्युसिन. भेंडी चिरताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो, तसा त्याचा पातळ थर सगळ्या अस्तरावर पसरलेला असतो. तो थर असला की कडक पोळीची कड, गरम चहा, दाताचं टोक यांचा मार थेट पेशींवर बसत नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांचं तोंड सकाळी कोरडं आणि हुळहुळं असतं.

जंतूंबद्दल तुम्ही जे वाचलंत त्यात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. तोंडात सातशेहून जास्त जातींचे जंतू सापडतात आणि त्यातले बरेचसे आपल्या बाजूचे असतात. २०१६ साली कोरियातल्या संशोधकांनी छाले येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्या लाळेतले व अस्तरावरचे जंतू ताडून पाहिले. ज्यांच्यात स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस हा नेहमीचा रहिवासी कमी आणि ॲसिनेटोबॅक्टर जॉन्सोनाय जास्त होता, त्यांच्यात छाल्यांचा धोका जास्त आढळला. प्रयोगशाळेत हा दुसरा जंतू अस्तराच्या पेशींची वाढ रोखतानाही दिसला. म्हणजे प्रश्न जंतूंचा समतोल ढळण्याचा आहे, जंतू असण्याचा नाही. आणि आधी काय होतं, समतोल ढळतो की छाला पडतो, हे अशा तुलनेतून ठरत नाही, कारण छाला पडला की त्या जागेवरचे जंतूही बदलतात.

म्हणून रोजचा जंतुनाशक माउथवॉश नको. तो चांगलं-वाईट बघत नाही. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के हे औषध आहे, अत्तर नव्हे: छाले असतानाच, १० मिली, एक मिनिट खळखळवून थुंकायचं, दिवसातून दोनदा, फार तर दोन आठवडे. त्याने छाल्यावर दुसरा संसर्ग बसत नाही आणि दुखणं थोडं हलकं होतं, पण पुढचा छाला टळत नाही. पेस्टने दात घासल्यावर लगेच घेतलं तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे ते निकामी होतं, निदान अर्धा तास जाऊ द्या. वर चहा घेतला की दातांवर तपकिरी डाग बसतात. अल्कोहोल असलेले माउथवॉश तर छाले असताना बिलकुल नकोत.

मुलीची टूथपेस्ट आजच बघा. मागच्या बाजूला घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलं आहे का? भरपूर फेस त्यानेच येतो आणि म्युसिनचा तो थरही तेच धुऊन काढतं. ते नसलेली पेस्ट वापरल्याने छाल्यांची संख्या, दिवस आणि दुखणं कमी झाल्याचं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. सगळ्यांना फरक पडत नाही, पण खर्च काही नाही. फ्लोराइड असलेली, फेस कमी येणारी पेस्ट घ्या आणि तीन महिने तीच ठेवा. आठवड्याभरात कळत नाही. ब्रश मऊ हवा आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवा. केस विस्कटलेला ब्रश स्वतःच ओरखडे काढतो.

उष्ट्याचं: ॲफ्थस छाले संसर्गजन्य नाहीत. एका घरात अनेकांना होतात कारण प्रवृत्ती रक्तातून येते. आई-वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांमध्ये शक्यता बरीच वाढते. हर्पीस आणि लहान मुलांचा हात-पाय-तोंड हा विषाणूजन्य आजार मात्र लाळेतून पसरतात. तेव्हा ओठावर पाण्याचे फोड असलेल्याचा पेला वेगळा ठेवायचा, एवढ्यापुरतं आजींचं म्हणणं खरं आहे.

---

लॅबमधले_काका

तपासणीपुरतं लिहितो, कारण इथे लोक पैसे घालवून भलतंच करून घेतात.

छाल्याचा स्वॅब घेऊन कल्चर करू नका. तोंडातले नेहमीचेच जंतू उगवतात, अहवालावर एखादं लांबलचक नाव येतं आणि त्या नावावर अँटिबायोटिक सुरू होतं. त्याने छाले बरे होत नाहीत, उलट तोंडात बुरशी धरते.

करायचं ते एवढंच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट. ताई, बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. चार दिवस गोळ्या घेऊन आलं की बी-१२ चा आकडा फुगलेला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही सांगा. पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी बऱ्याच यंत्रांवरचे आकडे चुकतात. दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायची. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी घेत असेल तर तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. हेही डॉक्टरांना सांगा. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्तातली लाल पेशींची खूण सुधारते आणि बी-१२ च्या कमतरतेने नसांचं नुकसान मात्र चालू राहतं.

अहवाल वाचताना तीन ठिकाणी घोळ होतो. बी-१२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. दोनशे ते तीनशे हा संशयाचा पट्टा, तिथे लक्षणं बघून ठरवतात. फेरिटिन पंधराच्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपला, आणि बरेच डॉक्टर तीसच्या खालीही उपचार करतात. ताप-खोकला असताना फेरिटिन वर चढतं, म्हणून आजारपणात दिलेल्या रक्तावर विसंबू नये. आणि हिमोग्लोबिन १२ आलं म्हणून 'सगळं ठीक' म्हणू नये. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

तिसरा घोळ सर्वांत जास्त होतो. बी-१२ कमी असेल तर लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. शाकाहारी मुलींमध्ये अनेकदा दोन्ही एकदम कमी असतं, मग सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, मजेत नॉर्मल येतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक, बघा. तो वाढलेला असेल तर लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे, हे कळतं.

पोट वारंवार बिघडत असेल, उंची-वजन मागे पडत असेल, तर डॉक्टर गव्हामुळे आतड्याला इजा करणाऱ्या सीलिॲक आजारासाठी टीटीजी आयजीए ही तपासणी सांगतात. ती होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू सोडून रक्त दिलं तर तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

---

लोकमान्यनगरची_आई

खूप आभार काका, डॉक्टर. पेस्टमध्ये ते सल्फेट निघालं, आजच बदलते. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हे लिहायचं राहिलं. आणखी दोन गोष्टी: लाळ कमी आहे की नाही हे घरी कळतं का? आणि मेडिकलमधून जेल आणलं आहे, ते लावलं की टिकतच नाही, जिभेला लागून निघून जातं.

---

मुखरोग_ओपीडी

पाळीचं सांगितलंत हे बरं केलंत, फेरिटिन नक्की करा.

लाळ घरी मोजता येते. सकाळी, खाणं-पिणं-ब्रश होऊन तासभर गेला की खुर्चीत ताठ बसवा, मान थोडी पुढे. एकदा गिळायचं आणि घड्याळ लावायचं. पाच मिनिटं गिळायचं नाही, चघळायचं नाही, बोलायचं नाही. जमेल ती लाळ छोट्या वाटीत सोडायची. मग फेस बसू द्यायचा आणि सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने ओढून आकडा वाचायचा. साधारण दीड मिली म्हणजे छान. अर्धा मिली किंवा त्याहून कमी म्हणजे खरंच कोरडेपणा आहे. लोक फेसासकट मोजतात आणि आकडा दुप्पट येतो, तेवढं सांभाळा.

सतराव्या वर्षी लाळ कमी निघाली तर आधी औषधं बघा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या लाळ आटवतात. बंद नाक आणि तोंडाने श्वास हेही कारण असतं. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोर रात्रभर झोपून तोंड सुकतं ते वेगळं. तिथे उशाशी पाणी आणि नाक मोकळं ठेवणं पुरतं. दिवसा बडीशेप किंवा बिनसाखरेचा च्युइंगगम चघळला तर लाळ सुटते. आंबट गोळ्या चघळू नयेत, आम्ल छाल्याला झोंबतं आणि दातही झिजवतं.

---

औषधी_काउंटर

जेल टिकत नाही कारण ते ओल्या जागेवर लावलं जातंय. आणि आधी नळीवर काय लिहिलं आहे ते वाचा, कारण 'छाल्यांचं औषध' म्हणून तीन वेगळ्या जातीच्या नळ्या मिळतात.

लिडोकेन किंवा बेंझोकेनची नळी फक्त बधिर करते. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं लावायची, म्हणजे घास जातो. बेंझोकेन दोन वर्षांखालच्या बाळाला कधीच नाही. कोलीन सॅलिसिलेटचं जेल दुखणं आणि सूज कमी करतं, पण सोळा वर्षांखाली देत नाहीत. तिसरी नळी ट्रायअमसिनोलोन ०.१ टक्का ओरल पेस्टची, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. छाला लवकर आवरायला हीच उपयोगी, आणि खरा फायदा पहिल्या दिवशी, जेव्हा जागा नुसती टोचते, हुळहुळते आणि छाला अजून फुटलेला नसतो.

लावायची रीत: चूळ भरा. स्वच्छ कापसाच्या बोळ्याने किंवा गॉजने ती जागा टिपून कोरडी करा, पुसू नका. ओठ बोटाने बाहेर ओढून धरा. मोहरीच्या दाण्याएवढी पेस्ट बोटाच्या टोकावर घेऊन छाल्यावर टेकवा आणि थोडी दाबा. चोळायची नाही. चोळली की ती रवाळ होते, रेतीसारखी लागते आणि पोपडा होऊन सुटते. नुसती टेकवली तर ओल शोषून तिचा गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. जेवणानंतर आणि झोपताना लावा, त्यानंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. झोपतानाची वेळ चुकवू नका. रात्री लाळ कमी असते, म्हणून तेव्हाच ती सर्वांत जास्त टिकते. आठवड्यात फरक नाही तर थांबवा आणि दाखवा. तोंडात दह्यासारखे पांढरे डाग दिसले आणि पुसल्यावर निघाले, तर बुरशी आहे, पेस्ट बंद.

कातडीला लावायच्या क्रीमची नळी तोंडात लावू नका. खाजेची क्रीम घरात पडलेली असते आणि 'त्यातही तेच असतं' म्हणून लावली जाते. त्यात बहुधा फार तीव्र स्टेरॉइड आणि वर आणखी दोन औषधं असतात. तसंच ॲस्पिरिनची गोळी चुरून छाल्यावर ठेवू नका, अस्तर पांढरं पडून जळतं.

घरचं म्हणाल तर मिठाच्या गुळण्या: पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा. मिठाने फारच झोंबत असेल तर तेवढ्याच पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घ्या, तो आम्ल शमवतो. मध, साजूक तूप, जेष्ठमधाचा तुकडा चघळणं यांनी निदान थर बसतो आणि आराम पडतो. तुरटीची पूड थेट दाबू नका.

जुन्या घरांत बाळाच्या तोंडाला टाकणखाराची लाही मधातून लावायची पद्धत अजून दिसते. कृपा करून थांबवा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात जाऊन विषबाधा होते, आणि एक वर्षाखाली मध तसाही देऊ नये. बोरोग्लिसरीनचंही तेच.

अजून एक, हे वाचणाऱ्या संधिवाताच्या पेशंटसाठी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडभर छाले ही पहिली खूण असते, आणि तो जिवावरचा प्रकार आहे. त्याच दिवशी गोळ्यांसह हॉस्पिटलला जा.

---

पंगतीतली_मावशी

आहाराचं मी सांगते, पोषणाचंच काम आहे. बी-१२ भाज्या-डाळी-फळांत नसतं. मोठ्या माणसाची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम. एक मोठा पेला, म्हणजे २५० मिली दूध, साधारण एक मायक्रोग्रॅम देतं. म्हणजे दोन पेले दूध किंवा त्या दुधाचं दही रोज पोटात गेलं तर गरज जेमतेम भागते. चहातलं दूध यात मोजू नका, आणि पातळ ताकात फारसं उरत नाही. कमतरता अहवालात आली असेल तर मात्र दुधाने भरून निघत नाही, गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर सांगतील तसं.

लोहाच्या गोळीसोबत चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा, आणि वरून लिंबू पिळलेलं काही खा. छाले असतील तेव्हा लिंबाऐवजी पेरू किंवा वरणात शिजवलेला टोमॅटो, जे झोंबणार नाही ते.

जीरावन: त्यातलं तिखट, आमचूर आणि काळं मीठ आहे त्या छाल्याला झोंबतात, म्हणून बरं होईपर्यंत बंद. छाला ते निर्माण करत नाहीत, तेव्हा कायमचं तोडायची गरज नाही. लौंग शेव आणि थंडीतल्या गराडूचं (तळलेल्या कंदाचं) मला जास्त वाटतं. गराडूच्या तळलेल्या कडा खरखरीत असतात, ओठाच्या आत ओरखडा पडतो, आणि ज्याला प्रवृत्ती आहे त्याला त्याच ओरखड्यावर दोन दिवसांनी छाला येतो. पोट साफ नाही, उष्णता वाढली, म्हणून जुलाबाचं औषध देण्याने छाले थांबत नाहीत. रक्त पडणं, वारंवार जुलाब, पोटदुखी असेल तर मात्र पोटाच्या डॉक्टरांना दाखवावंच, कारण आतड्याच्या काही आजारांतही तोंड येतं.

---

मुखरोग_ओपीडी

मावशींच्या मुद्द्याला जोड. बी-१२ ची एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी जिभेखाली, सहा महिने. शेवटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के छालेमुक्त होते आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. रक्तातलं बी-१२ सुरुवातीला कमी असो वा नसो, फायदा दिसला. पण फरक पाच-सहा महिन्यांत पडला, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नका. आधी रक्त, मग गोळी, हा क्रम काकांनी सांगितलाय तोच.

---

गराज_राजवाडा

मध्येच विचारतो, माफ करा. छाला दिसत नाही, पण तिखट लागलं की सगळ्या तोंडाची आग होते आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. वय ३१, सुपारीची पुडी दिवसाला पाच-सहा. हेपण बी-१२ का?

---

मुखरोग_ओपीडी

भाऊ, तुम्ही थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालंय. मग गालाच्या आत बोट फिरवा: अस्तर फिकट, संगमरवरासारखं, आणि खाली दोरीसारखे उभे पट्टे लागतात का? हे सबम्युकस फायब्रोसिस असू शकतं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात आणि गाल आखडतो. तंबाखू नसलेली सुपारीही हेच करते. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीची पुडी वेगळी विकली जाते आणि लोकांना ती निरुपद्रवी वाटते. यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. साठलेले तंतू पूर्ण जात नाहीत, पण सुपारी आज बंद केली तर आखडणं तिथे अडवता येतं. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधं त्यासाठीच असतात. इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंडाच्या आजारांची ओपीडी आहे, तिथे जा. चुना लावून पान खात असाल तर तेही थांबवा.

आणि हे सगळ्यांसाठी: जो छाला दोन आठवड्यांत भरला नाही, दुखत नाही पण हाताला कडक लागतो, कडा उचललेल्या आहेत, शेजारी लाल किंवा पांढरा चट्टा आहे, किंवा मानेत गाठ आहे, त्यावर पेस्ट लावत बसायचं नाही. टोकदार दात त्याच जागी घासत असेल तर तो दंतवैद्याकडून घासून घ्या. तरी पंधरा दिवसांत भरलं नाही तर तुकडा काढून तपासतात. छाल्यांसोबत डोळे लाल होणं किंवा गुप्तांगावर व्रण असेल तर बेहसेट आजारासाठी तपासावं लागतं.

---

लोकमान्यनगरची_आई

उद्या उपाशीपोटी नेते. लोहाच्या गोळ्यांची तारीख आणि पाळीच्या तारखा लिहून घेते. छाल्यांचीही नोंद ठेवू का?

---

लॅबमधले_काका

नक्की ठेवा ताई. भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहा: छाला दिसला तो दिवस, जागा, गेला तो दिवस. शेजारी पाळी, परीक्षा, नवी पेस्ट, नवी गोळी. तीन महिन्यांचं पान डॉक्टरांसमोर ठेवा. या तपासण्यांना उपाशीपोटी यायची सक्ती नाही, दूध-पोहे खाऊन आणलंत तरी चालेल. फक्त लोहाची गोळी उद्या सकाळी देऊ नका, रक्त दिल्यावर द्या.